आमची वाटचाल : नवारीची चप्पल

पातूरचा घाट पायी चढलेल्या माणसाला आमची चप्पल समजावून सांगावी लागत नाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर, रिसोड, परभणी, परळी, तुळजापूर, सोलापूर करत महिनाभर चालते. सातशेच्या वर किलोमीटर. मृग बरसला तर काळी माती तळव्याला किलो-किलोनं चिकटते, नाही बरसला तर डांबर पोळतं. दोन्ही सोसेल अशी चप्पल करणं हा आमचा धंदा.

वडील चामड्याचे जोडे करायचे. मी आणि मामेभावानं टायरचा सोल धरला. टायर नायलॉनचाच घ्यायचा, रेडियलमध्ये तार असते. कापताना ओला करायचा, कोरड्या रबरात रापी अडकते. पट्ट्याची अक्कल मात्र आमची नाही. पारसच्या एका माळकरी काकांना चामडं चालायचं नाही आणि रेक्झिननं त्यांची बोटं सोलायची. एक दिवस बाजेची जुनी नवार गुंडाळून घेऊन आले. "हे लावून पाह्य बरं, घाम तं पिईन."

पहिला जोड आठ दिवसांत ढिला पडला. मग नवार आधी रात्रभर भिजवून वाळवली, दुहेरी घडी घातली, मेणाच्या दोऱ्यानं शिवली. आरीचं भोक दोऱ्यापेक्षा बारीकच पाडायचं, म्हणजे रबर दोऱ्याला आवळून धरतं. हे आज सगळे करतात. कोणाचं पाहून करतात, ते कोणी सांगत नाही.

पुढची आठ-दहा वर्षं चांगली गेली.

2020 ला गुढीपाडव्याआधीच 400 जोड तयार होते, निम्म्या टायरांची उधारी बाकी. मार्चअखेर लॉकडाऊन लागलं. मानाच्या पालख्या आषाढीला एसटीनं गेल्या. एसटीत बसलेल्याला आमची चप्पल कशाला? 2021 लाही तेच. पतसंस्थेची नोटीस आली, बायकोची पोत गहाण पडली. जोड पोत्यात भरून माळ्यावर टाकले, तिथं उंदरांनी नवार कुरतडली. रबराला तोंड लावलं नाही, तेवढं बरं.

त्यातच मामेभाऊ वेगळा झाला. जाताना चपला बेतायचे बाभळीचे सातही फरमे घेऊन गेला. "हिशोबात आले," म्हणाला. त्यातले पाच माझ्या वडिलांच्या हातचे होते. हिशोब कोणी केला, कधी केला, मला आजवर कळलं नाही.

2022 ला पायी वारी पुन्हा निघाली, तेव्हा 'वारी स्पेशल' छापून त्याचा माल आमच्या आधी बाजारात. नवार तीच, टाकाही तोच, सोल मात्र रेडियलचा. पातूरपुढची मेडशी येईपर्यंत तारा टाचेत घुसल्या. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून शिव्या आमच्या दारात. मी रापी घेऊन एकेकाला सोल चिरून दाखवायचो : ही तार, हा धागा. आता हा माणूस चार गावांत माल देतो. असो.

घेणाऱ्यानं एवढं पाळावं : चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. निघायच्या पंधरा दिवस आधीपासून घाला. कोरी चप्पल घालून निघालेले शेगावजवळच्या नागझरीलाच पट्टी मागताना पाहिलेत. फोड आला तर कातडं ओढू नका.

काकांचं राहिलंच. 2020 लाही त्यांनी जोड नेला होता. श्रावणात परत घेऊन आले. डावा सोल बाहेरच्या अंगानं पार घासलेला, उजवा जवळपास शाबूत. मी विचारलं, हे कसं?

"वावराच्या धुऱ्यानं फिरलो ना बाप्पा, रोज सहा-सहा कोस. पंढरपूर झालं माहं."

म्हणजे शेताच्या बांधावरून, देवाला घालतात तशी प्रदक्षिणा, वळण सगळं उजवीकडे. वर म्हणाले, "तुहा सोल कच्चा निंगाला, फुकट बदलून दे." घरात दाणा नव्हता, तरी मी तासभर वाद घातला आणि त्यांच्याकडून तीस रुपये घेतलेच.

2021 ला ते धुऱ्यावरून उलटे फिरले आणि उजवा सोल घेऊन आले.