सही मिळवणं सोपं, ती टिकवणं अवघड : कॅलिफोर्नियातल्या प्रॉपोझिशन २४ चा माझा अनुभव

मी फ्रीमॉन्टला राहते, पब्लिक स्कूलमध्ये गणित शिकवते. २०१० साली कंपन्यांच्या करसवलती रद्द करायचा प्रश्न बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, यावा म्हणून मी सह्या गोळा केल्या होत्या. अशा प्रश्नाला इकडे प्रॉपोझिशन म्हणतात, आमच्या प्रश्नाला पुढे २४ नंबर मिळाला. इकडे नवीन सिटिझन झालेली आपली मंडळी अधूनमधून विचारतात की ते सह्यांचं प्रकरण नक्की चालतं कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

आधी भांडण कशावरून होतं ते. २००८-०९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तिजोरीत खडखडाट होता, इतका की २००९ च्या जुलैत राज्य सरकारने लोकांना पैशांच्या ऐवजी आयओयू दिले, म्हणजे 'नंतर देतो' असं लिहिलेला कागद. तेव्हा बजेट पास करायला दोन तृतीयांश मतं लागायची, आणि ती शेवटची दोन-चार मतं मिळवायला बंद दाराआड देवाणघेवाण चालायची. सप्टेंबर २००८ आणि फेब्रुवारी २००९ च्या अशाच दोन सौद्यांमध्ये कंपन्यांसाठी तीन सवलती घुसवल्या. फेब्रुवारीवाला सौदा तर आमदारांना रात्रभर सभागृहात बसवून पहाटे पास केला. आणि त्याच सौद्यात आमच्यासारख्यांचं काय झालं, तर सेल्स टॅक्स एक टक्का वर, गाडीची लायसन्स फी ०.६५ वरून १.१५ टक्के, आणि मुलांमागे मिळणारं टॅक्स क्रेडिट ३०९ डॉलरवरून ९९ वर. वर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची फी ३२ टक्क्यांनी वाढवली. आमच्याकडे दर वर्षी १५ मार्चच्या आत टीचर्सना 'पुढच्या वर्षी कदाचित नोकरी नाही' अशी नोटीस द्यावी लागते, त्याला सगळे पिंक स्लिप म्हणतात, ती त्या वर्षी स्टाफरूममध्ये अर्ध्या नवीन टीचर्सच्या हातात होती.

तर त्या तीन सवलती. पहिली, या वर्षी तोटा झाला तर तो मागच्या दोन वर्षांच्या नफ्यातून वजा करायचा आणि तेव्हा भरलेला टॅक्स परत मागायचा. दुसरी, ग्रुपमधल्या एका कंपनीकडे टॅक्स क्रेडिट पडून असेल पण तिला टॅक्सच लागत नसेल, तर ते क्रेडिट बहिणीच्या नावावर करायचं, म्हणजे ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीच्या. तिसरी सगळ्यात किचकट. अनेक राज्यांत धंदा करणाऱ्या कंपनीचा कॅलिफोर्नियातला नफा किती हे ठरवायला पूर्वी तिची इथली मालमत्ता, इथले पगार आणि इथली विक्री असं तिन्ही बघायचे. नवीन कायद्यात फक्त विक्री बघायची, पण तेही कंपनीच्या मर्जीवर! दर वर्षी दोन्ही हिशोब करून बघा आणि जो स्वस्त पडेल तो भरा. विधिमंडळाच्याच आर्थिक विश्लेषक ऑफिसचा अंदाज होता की तिन्ही रद्द केल्या तर २०१२-१३ पर्यंत वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलर राज्याला मिळतील.

मला आधी वाटलेलं की कायदा आवडला नाही तर रेफरेंडम मागायचा, म्हणजे झालेल्या कायद्यावर लोकांचं मतदान. तसं नाही. रेफरेंडम कायदा झाल्यापासून ९० दिवसांत मागावा लागतो, आणि टॅक्सच्या कायद्यांवर तर तो मागताच येत नाही, राज्यघटनेत तसं सरळ लिहिलंय. मग उरतो इनिशिएटिव्ह, म्हणजे लोकांनीच नवीन कायदा लिहायचा, 'ती कलमं रद्द' असं म्हणणारा. हे हत्यार १९११ पासून आहे, तेव्हा सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने सगळं राज्य खिशात घातलेलं म्हणून गव्हर्नर हायरम जॉन्सनने ते लोकांच्या हाती दिलं. मसुदा अ‍ॅटर्नी जनरलकडे जातो, तेव्हा २०० डॉलर फी होती (आता २,०००), तिकडून अधिकृत शीर्षक आणि सारांश मिळतो, आणि मग घड्याळ सुरू. तेव्हा १५० दिवस मिळायचे, आता १८०. साध्या कायद्यासाठी मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या ५ टक्के सह्या लागतात, २०१० ला तो आकडा होता ४,३३,९७१. रात्रभर जागून काही डझन लोकांनी केलेलं निस्तरायला सव्वाचार लाखांच्या वर माणसं!

खरं सांगायचं तर बहुतेक सह्या पैसे घेऊन काम करणारे लोक आणतात, एका सहीमागे अमुक इतके असा रेट असतो, आणि त्याचा खर्च कोणीतरी मोठं उचलतं. इथे मुख्य खर्च टीचर्सच्या युनियनचा होता. आम्ही फुकट काम करणारे टीचर्स म्हणजे वरची कोशिंबीर. पण कागद तोच, नियम तेच. शाळेच्या वेळेत नाही, शाळेच्या आवारात नाही, शाळेच्या झेरॉक्स मशीनला तर हातसुद्धा लावायचा नाही हे युनियनच्या बाईंनी तीनतीनदा बजावलं.

आता तो कागद. ऑनलाइन काही नाही, लांबलचक कागद, त्यावर कायद्याचा पूर्ण मजकूर छापलेला आणि सह्यांसाठी चौकटी. सगळ्यात वर काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) नाव लिहायची जागा, आणि एका कागदावर एकाच काउंटीचे मतदार. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं पण फ्रीमॉन्ट अलामीडा काउंटीत आणि शेजारचं मिल्पिटस सँटा क्लॅरा काउंटीत, मधे एक फ्रीवेचं वळण, आणि दुकानात तर दोन्हीकडचे लोक येतात, त्यामुळे दोन क्लिपबोर्ड घेऊन उभं राहायचं आणि सही मागायच्या आधी 'राहता कुठे' हे विचारायचं. नाव, सही, घराचा पत्ता, सगळं ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. पत्ता मतदार यादीतला. पोस्टाची पेटी चालत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एका आजोबांनी इतक्या सुंदर अक्षरात पीओ बॉक्सचा नंबर घातला की ती ओळ खोडताना मला कसंतरी झालं, मग खालच्या ओळीत त्यांनी तितक्याच सावकाश घराचा पत्ता लिहिला आणि मागे तीन गाड्या ढकलणारे लोक वैतागून निघून गेले. शेवटी सह्या घेणाऱ्याने खाली स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की या सह्या माझ्यासमोर झाल्या, या तारखेपासून या तारखेपर्यंत. ते राहिलं तर अख्खा कागद धोक्यात.

उभं कुठे राहायचं हा दुसरा घोळ. इकडे जवळच कॅम्पबेलला प्रूनयार्ड नावाचं शॉपिंग सेंटर आहे, तिथे सह्या गोळा करणाऱ्या शाळेतल्या पोरांना हाकललं होतं, ते प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८० मध्ये निकाल लागला की कॅलिफोर्नियाची घटना खाजगी मॉलमध्येही असं बोलायचा हक्क देऊ शकते. त्या पोरांमुळे आम्हाला मॉलच्या चौकात उभं राहता येतं. पण एकट्या दुकानाच्या दाराशी हा हक्क किती यावर वाद आहे, त्यामुळे सिक्युरिटीवाला आला की मी हुज्जत न घालता फुटपाथवर सरकायची. फार्मर्स मार्केट सगळ्यात बरं, लोक रमतगमत असतात.

आणि आपलं इंडियन ग्रोसरीचं दुकान! मला वाटलं आपली माणसं, पटापट सह्या होतील. कसलं काय, दहातले आठ एच-वन नाहीतर ग्रीन कार्डवर. "ताई, करायची इच्छा आहे हो, पण आम्ही सिटिझन नाही." एक काका तर अख्खा सारांश वाचून, मला चार प्रश्न विचारून, माझं बरोबर आहे असं सर्टिफिकेट देऊन मग म्हणाले मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलोय, बोरिवलीचा आहे. (तेव्हा सह्या गोळा करणाराही मतदार व्हायला पात्र असावा लागायचा, आता १८ पूर्ण असले की कोणीही करू शकतं, सही मात्र मतदाराचीच.) एक फायदा झाला, जे सिटिझन होते पण मतदार नोंदणी केली नव्हती त्यांना मी तिथेच नोंदणीचा फॉर्म द्यायची. नोंदणीचा फॉर्म त्याच दिवशी किंवा आधी भरलेला असेल आणि पिटिशन, म्हणजे सह्यांचे कागद, जमा व्हायच्या आत काउंटीकडे पोचला तर ती सही धरतात. हे बऱ्याच सह्या घेणाऱ्यांनाही माहीत नसतं.

समोरच्याला समजवायला पंधरा सेकंद मिळतात. 'सिंगल सेल्स फॅक्टर' (तिसऱ्या सवलतीतला तो फक्त विक्रीचा हिशोब) म्हटलं की माणूस गाडीकडे चालायला लागतो. मी शेवटी एवढंच म्हणायची, तुमचा सेल्स टॅक्स वाढला त्याच रात्री मोठ्या कंपन्यांचा टॅक्स कमी झाला, हे बॅलटवर यावं का? सही म्हणजे मत नव्हे, प्रश्न विचारू द्या एवढंच.

घरी मात्र पंधरा सेकंदांत भागत नव्हतं. नवरा टेकमध्ये, त्याच्या कंपनीला या सवलतींचा फायदा होणारच होता. त्याचं म्हणणं, जुन्या हिशोबात जी कंपनी इथे बिल्डिंग बांधते, इथे माणसं ठेवते तिलाच जास्त टॅक्स लागतो, मग इथे कोण राहील? मला हे पटायचं, अजून पटतं. पण मग सगळ्यांना विक्रीचाच हिशोब सक्तीचा करा ना. मर्जीवर ठेवल्यावर बाहेरच्या राज्यातली कंपनी, जी इथे नुसती विकते, ती जुनाच हिशोब धरून कमी भरणार आणि इथली नवीन धरून कमी भरणार, दोघींचीही चांदी. यावर तो म्हणायचा मग तुमच्या कागदावर सक्ती कुठे लिहिलीय, तुम्ही तर सगळंच पुसताय. तेही खरं होतं.

आईला फोनवर हे सांगितलं तर तिला एका मिनिटात कळलं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडच्या बायकांनी दारूचं दुकान बंद करायला सह्या गोळा केल्या होत्या ना, गावातल्या २५ टक्के बायकांनी सही केली की मतदान घेतात, उभी बाटली की आडवी बाटली. आई म्हणाली, तिथेही सह्या तपासायला साहेब आले तेव्हा अर्ध्या जणी नवऱ्याच्या भीतीने 'ही माझी नाही' म्हणाल्या, तुमच्याकडे असं होतं का? मी म्हटलं नाही गं, आमच्याकडे साहेब दारात येत नाहीत, कॉम्प्युटरवर सही जुळवतात.

आणि ही जुळवणी हा माझा सगळ्यात आवडता भाग, गणिताची टीचर ना. ५८ काउंट्या आधी नुसते आकडे मोजतात, मग प्रत्येक काउंटी ३ टक्के सह्या किंवा ५०० यातलं जे जास्त असेल तेवढ्या चिठ्ठी टाकल्यासारख्या उचलते आणि मतदार नोंदणीतल्या सहीशी ताडून बघते. त्यावरून राज्याचा अंदाज काढतात. लागणाऱ्या सह्यांच्या ११० टक्क्यांच्या वर गेलात तर पास, ९५ च्या खाली तर बाद, मधे अडकलात तर एकेक सही मोजायची. पण खरी गोम डुप्लिकेटमध्ये. तीनच टक्क्यांच्या नमुन्यात एकाच माणसाच्या दोन्ही सह्या सापडणं किती दुर्मिळ, म्हणजे सापडल्या तर आख्ख्या ढिगात तशा भरपूर असणार, म्हणून एका डुप्लिकेटमागे हजाराच्या वर सह्या वजा होतात. हजार! त्यामुळे "मी मागच्या आठवड्यात कुठेतरी केली बहुतेक, परत करते" म्हणणाऱ्या प्रेमळ बाईला हात जोडून नको म्हणायचं. आमच्या ग्रुपमधल्या नवीन पोरांना हे पटवणं सह्या मिळवण्यापेक्षा अवघड होतं, कारण त्यांना कागद भरलेला दिसायला हवा असायचा. आणि मधल्या पट्ट्यात अडकायचं नाही म्हणून लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त सह्या जमा करतात.

जूनमध्ये कळलं की पात्र झालो, मग नंबर मिळाला २४. त्यानंतरचं मी पटकन सांगते कारण त्यात मजा नव्हती. विरोधकांनी आमच्या प्रश्नाला 'जॉब्ज टॅक्स', म्हणजे नोकऱ्यांवरचा कर, असं नाव ठेवलं आणि टीव्हीवर तेच. मंदीत, बेकारी १२ टक्क्यांच्या वर असताना तो शब्द पुरला. वर आमच्या प्रश्नाचं अधिकृत शीर्षकच असं की 'हो' म्हणजे रद्द करा, 'नाही' म्हणजे सवलत राहू द्या, आणि गोंधळलेला माणूस 'नाही'वरच खूण करतो. २ नोव्हेंबर २०१० ला ५८ टक्के लोकांनी नाही म्हटलं. त्याच बॅलटवर प्रॉपोझिशन २५ मात्र पास झालं, बजेट साध्या बहुमताने पास करायचं, म्हणजे ज्या दोन-चार मतांसाठी हा सौदा झाला त्यांचा भावच गेला.

पुण्याचा भाऊ म्हणतो एवढं करून हरलात. २०१९ च्या सप्टेंबरात गोव्यात अर्थमंत्र्यांनी कॉर्पोरेट टॅक्स ३० वरून २२ टक्के केल्याचं सांगितलं, वटहुकूम निघाला, वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडला, तेव्हा मी त्याला विचारलं तू कुठे सही केलीस? तो म्हणाला कुठे करणार, कागदच नाही.

बाकी त्या तीन सवलतींचं पुढे काय झालं ते सांगते. विक्रीचा हिशोब २०१२ मध्ये प्रॉपोझिशन ३९ ने बहुतेक सगळ्यांना सक्तीचा केला, नवऱ्याने आणि मी दोघांनी त्याला हो म्हटलं, ६१ टक्क्यांनी पास झालं. तोटा मागे नेऊन रिफंड घ्यायची सोय राज्याने आधी काही वर्षं लांबवली आणि २०१९ पासून होणाऱ्या तोट्यांसाठी बंदच केली. क्रेडिट बहिणीला द्यायची सोय अजून चालू आहे. त्यासाठी कोणी कागद काढला तर मला कळवा, क्लिपबोर्ड दोन्ही आहेत, फक्त आधी काउंटी विचारा.