६०० ग्रॅमची जोडी, पाडवा ते दिवाळी

गुढीपाडव्याला मुद्गलांची जोडी, म्हणजे तालमीत फिरवतात ती लाकडी मुद्गलं, फिरवायला सुरुवात केली होती, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे साडेसात महिने झाले आणि मधे एकदाही नीट लिहिलं नाही म्हणून आज सगळं एकदमच लिहून काढतेय. जे हलकी जोडी फिरवतात किंवा पोई (दोरीच्या टोकाला गोळा बांधून फिरवतात ते) सोडून इकडे आलेत त्यांना उपयोग होईल, आणि वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी चार महिने पावसात प्रॅक्टिस कशी चालू ठेवायची हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना तर नक्कीच.

सुरुवात सासऱ्यांच्या जोडीने केली. माळ्यावर पडून होती, त्यांच्या तालमीच्या दिवसातली, एकेक मुद्गल चार किलोचं. दोन्ही हातात घेणं शक्यच नव्हतं, एका हाताने एकेक असं महिनाभर फिरवलं आणि मला वाटलं की जमतंय. बाबा, म्हणजे सासरे, पडवीत खुर्चीवर बसून बघायचे, एक दिवस म्हणाले, "गो, जोडी तू फिरवतंस की जोडी तुका फिरवता?" तेव्हा मला ते नीट कळलं नाही. हलकी जोडी हातात आल्यावर कळलं.

हलकी जोडी सावंतवाडीहून करून घेतली. चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे विचारत विचारत लेथवर काम करणाऱ्या एका काकांपर्यंत पोचले. शिवणीचं लाकूड, लांबी ४५ सेंटीमीटर, वजन साधारण ६०० ग्रॅम. रिदमिक जिमनॅस्टिक्समधले क्लब ४० ते ५० सेंटीमीटर लांब आणि कमीत कमी १५० ग्रॅमचे असतात, माझे लांबीला तेवढेच पण वजनाला चौपट, म्हणजे तालमीच्या आणि त्यांच्या मधलं काहीतरी. दोन्हींच्या वजनात ४० ग्रॅमचा फरक निघाला, मला आधी वाईट वाटलं, पण झोक्याचा वेग वजनावर नाही तर मुठीपासून तोलाचा बिंदू किती लांब आहे त्यावर ठरतो, आणि बोटावर आडवं धरून बघितलं तर तो दोघांचा जवळपास एकाच जागी आला. त्यामुळे आहे तसंच ठेवलंय, फक्त दर आठवड्याला हात बदलते.

आता मुख्य गोष्ट. चार किलोचं मुद्गल एकदा सोडलं की आपण होऊन गोल जातं, त्याला वाकडं न्यायचं तर जोर लावावा लागतो आणि तेवढा जोर माझ्याकडे नव्हताच, म्हणून माझी चक्रं छान दिसायची. ६०० ग्रॅमचं मुद्गल मनगट जिकडे नेईल तिकडे जातं. पहिला व्हिडिओ काढला आणि बघितलं तर डोक्यामागचं छोटं चक्र चक्क तिरपं, हार्ट सर्कल (बदामाच्या आकाराचं चक्र) एका बाजूला पसरलेलं, आणि डावा हात तर कुठल्या प्लेनमधे, म्हणजे चक्राच्या कुठल्या सपाट पातळीत आहे तेच सांगता येत नव्हतं. म्हणजे महिनाभर जे जमत होतं ते मुद्गलाला जमत होतं. बाबांचं वाक्य तेव्हा आठवलं.

प्लेन सुधारायला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो चिऱ्याच्या भिंतीचा, हे मुद्दाम सविस्तर सांगते. आमच्या मागीलदारी गिलावा न केलेली भिंत आहे. समोरच्या चक्रांसाठी भिंतीकडे तोंड करून असं उभं राहायचं की हात पुढे केल्यावर मुद्गल आणि भिंतीत एक वीत राहील, आणि डोक्यामागच्या चक्रांसाठी भिंतीकडे पाठ. प्लेन सरकली की टक्कन आवाज येतो, कोणी सांगायला लागत नाही. शिवाय चिऱ्यांच्या सांध्यांच्या आडव्या उभ्या रेघा म्हणजे आयता आलेख कागद, मोबाईल मागे ठेवून शूट केलं की चक्राचा वरचा टोक कुठल्या थरापर्यंत जातोय ते मोजता येतं. माझा उजवा हात पाचव्या थरापर्यंत जायचा आणि डावा चौथ्याच्या मधेच वळायचा. कोपर मागे गेल्यावर खाली पडतं म्हणून असं होतंय हे तीन-चार दिवसांनी लक्षात आलं, कोपर कानाजवळ ठेवायला लागले तेव्हा डावा हात हळूहळू वर आला. मे महिना पूर्ण यात गेला आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

जूनमधे पाऊस लागला. खळ्यात जाता येईना, पडवीची उंची कमी, मग गाडी बाहेर काढून शेडमधे. लाकूड दमट हवेत फुगलं, मुठीवर बुरशी आली. सगळे म्हणाले खोबरेल लाव, लावलं, आणि मूठ इतकी निसरडी झाली की मुद्गल सुटून शेडच्या पत्र्यावर आदळलं. खोबरेल तेल सुकत नाही, तसंच राहतं. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, ते लावायला हवं होतं. सगळं पुसून, पॉलिश पेपरने घासून जवसाचे तीन पातळ हात दिले, पावसाळ्यात एकेक हात सुकायला पाच-सहा दिवस लागले पण आता पकड मस्त आहे. तेल पुसलेली फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

जुलैत उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखायला लागली. मूठ आवळून धरत होते, दुसरं काही नाही. मुठीच्या टोकाचा गोळा अंगठा आणि पहिल्या बोटात खेळता ठेवायचा, बाकीची बोटं नुसती सोबत. तीन आठवडे फक्त साधे झोके घेतले आणि दुखणं गेलं.

वीवचं, म्हणजे हात एकमेकांवरून आडवे नेत जोडी उजवीकडे-डावीकडे फिरवायची त्याचं सांगायचं तर ते मी चतुर्थीत शिकले. थ्री बीट वीव मला दोन महिने येत नव्हता, हात कुठून कुठे जातात ते पाठ होतं पण चालू केलं की तिसऱ्या बीटला गुंता. शेजारी रात्री भजन चालू होतं, मी मागे शेडमधे होते, एक गौळण दादरा तालात लागली आणि मी सहज त्यावर हात टाकले. धा धिं ना, धा तिं ना. उजव्या बाजूला उजवा, डावा, उजवा. डाव्या बाजूला डावा, उजवा, डावा. तीन आणि तीन, सहा मात्रा, वीव म्हणजे सरळ सरळ दादराच आहे! मी मोजत होते एक दोन तीन एक दोन तीन, त्यात दोन्ही बाजू सारख्याच वाटतात, पण दादऱ्यात खालीच्या, म्हणजे तालाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या 'धा'ला 'तिं' लागून येतो आणि आता आपण डावीकडे आहोत हे कानाला कळतं. टू बीट वीव चाराचा, तो केरवा तालात बसतो. एकातून दुसऱ्यात जायचं तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर बदलायचं, मधे कुठे नाही. त्या रात्री भजन संपेपर्यंत मी थांबले नाही. ज्यांना तबल्याचं थोडंफार अंग आहे त्यांनी हे करून बघाच.

भजनातल्या एका मुलाने विचारलं हे काय सर्कशीतलं आहे का, तेव्हा त्याला सांगितलं की ही तालमीतली जोडी इंग्रज लष्करामुळे विलायतेला गेली आणि १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमधे क्लब स्विंगिंगची पदकं होती. त्याला खरं वाटलं नाही. आता तो रोज संध्याकाळी येतो.

सध्याची स्थिती अशी. सेम टाइम (दोन्ही मुद्गलं एकदमच) किंवा स्प्लिट टाइम (एक वर तेव्हा दुसरं खाली), आणि सेम डायरेक्शन (एकाच दिशेने) किंवा ऑपोझिट डायरेक्शन (उलट दिशांनी), यांचे चारही मेळ साध्या चक्रांवर येतात, स्प्लिट-ऑपोझिट मात्र सकाळीच, दिवसभर काम केल्यावर नाही. न थांबता चार मिनिटं फ्लो, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात सलग जाणं, होतो. चार पाकळ्यांचा अँटिस्पिन, म्हणजे हाताची एक फेरी होते तेवढ्यात मुद्गलाच्या तीन फेऱ्या, त्याही हाताच्या उलट दिशेने, उजव्याने येतो, डाव्याने तिसरी फेरी अर्धीच राहते. आणि वीवमधून हार्टमधे जाताना डावीकडे गेलं की दर वेळी अर्धी मात्रा उशीर.

हा उशीर मी डाव्या हाताच्या नावावर टाकत होते. गेल्या रविवारी ओहोटीला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेले, ओली घट्ट वाळू, सकाळचा मतलई वारा, चार मिनिटं फिरवून बाजूला झाले आणि खाली बघितलं. उजव्या पावलाचा खोल खड्डा, टाचेशी गोल फिरल्याची खूण, आणि डाव्या पावलाचा नुसता बोटांचा ठसा. वजन डावीकडे जातच नव्हतं, हात बिचारा एकटाच जात होता. परत उभी राहिले, मुद्गलं बाजूला ठेवली आणि नुसता दादरा म्हणत पायांवर वजन बदलत राहिले, दुसऱ्या धाला डावी टाच टेकवायची एवढंच. सातव्या-आठव्या आवर्तनाला डावा खड्डा दिसायला लागला, मग जोडी घेतली, आणि वीवमधून हार्ट वेळेवर गेला, दोनदा.