शिफ्टचं बटण

इंदूरच्या मराठी माणसाला ‘ळ’ जपावा लागतो. इथे होळकरसुद्धा पाट्यांवर ‘होलकर’ असतात, टिळकांच्या नावाची वसाहत ‘तिलकनगर’ होते, आणि घरात नीट ‘काळे’ म्हणणारी मुलं फाटकाबाहेर पडली की ‘काले’वर येतात. वडीलधाऱ्यांनी टोकून टोकून टिकवलेला हा ‘ळ’ साडेतीनशे रुपयांच्या एका कीबोर्डनं एका रात्रीत घालवला.

जुन्या कीबोर्डचा स्पेसबार ऐन वेळी बसला. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेचा मजकूर दुसऱ्या दिवशी छापखान्यात जायचा होता. आरएनटी मार्गावर पोहोचलो तेव्हा दुकानांची शटर्स अर्ध्यावर आली होती. उघड्या सापडलेल्या एकाच दुकानात दोन प्रकार होते: आतून लाल-हिरवे दिवे लागणारा एक महागडा, आणि हा. “भिया, आँख बंद करके ले जाओ,” दुकानदार म्हणाला. डोळे मात्र त्यानं मला बंद करू दिले नाहीत. कीबोर्ड स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडून, तर्जनीनं एकेक बटण दाबून, सगळी अक्षरं पडद्यावर उमटवून दाखवली. तक्रारीला जागाच ठेवली नाही.

घरी आल्यावर पहिल्यांदा बोटांना कळलं. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, न बघता टाइप करणाऱ्याला हात कुठे ठेवायचे ते सांगणारे. इथे ते होते, पण नखानं चाचपल्यावर सापडत होते. बटण दाबलं की थंड झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीत बोट रुतल्यासारखं वाटायचं. अशा कीबोर्डच्या पोटात प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्यावर वीजवाहक रेषा छापलेल्या, मधल्याला भोकं. बटणाखालची रबरी टोपी दबली की त्या भोकातून वरची रेष खालचीला टेकते आणि अक्षर उमटतं. यात वाईट काही नाही. कचेऱ्यांमधले बहुतेक कीबोर्ड असेच असतात आणि वर्षानुवर्षं मुकाट्यानं राबतात. काटकसर होते ती लांब बटणांत. शिफ्ट, एंटर, स्पेसबार यांच्याखाली एक वाकवलेली तार असते. त्यामुळे कडेला दाबलं तरी अख्खं बटण सपाट खाली जातं. आमच्या शिफ्टखाली ती तार बहुधा नव्हतीच. मधोमध दाबा, चालतंय. कडेला दाबा, एक टोक खाली, दुसरं वर, आणि काम शून्य. दुकानदाराची तर्जनी मधोमध पडत होती. माझी करंगळी कडेलाच पडते, तिची पोच तेवढीच.

मी इनस्क्रिप्टवर लिहितो. भारतीय लिप्यांसाठी 1986 साली सरकारनं ठरवलेली कीबोर्डची ही मांडणी मला अजून सगळ्यात शहाणी वाटते. बहुतेक स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. साधं अक्षर सरळ, त्याचं जडसर भावंड शिफ्ट धरून: क-ख, त-थ, प-फ, स-श, आणि ल-ळ. उजव्या हाताच्या अक्षरांना डावी शिफ्ट लागते, आणि आमची नेमकी तीच लंगडी. त्यामुळे खेळाचं ‘केल’ झालं, फळाचं ‘पल’, थोड्याचं ‘तोडं’. एवढं खपवून घेतलं असतं. पण स्मरणिका होती शाळेची, आणि ‘शाळा’ या शब्दातली दोन्ही व्यंजनं डाव्या शिफ्टची. पहिल्याच पानावर अध्यक्षांचं मनोगत असं उमटलं: “ही साला आम्हां सर्वांची आहे. या सालेनं आम्हाला गडवलं.”

चिडून शिफ्टवर लागोपाठ ठोके घातले. पाचव्या ठोक्याला विंडोजनं अदबीनं विचारलं, स्टिकी कीज सुरू करू का? ज्यांना दोन बटणं एकदम दाबणं जमत नाही त्यांच्यासाठी ही सोय असते आणि ती उत्तम आहे. माझी बोटं धडधाकट होती, अपंगत्व कीबोर्डला होतं, तरी मी हो म्हटलं. आधी शिफ्ट मधोमध दाबून सोडायची, मग अक्षर. चाललं, पण प्रत्येक ‘शाळे’ला दोनदा शिफ्ट आणि प्रत्येक शिफ्टला एकदा खाली नजर. मध्यरात्रीनंतर नजर टाकणं सुटलं आणि साला पुन्हा सुरू.

सकाळी मंडळाच्या चिटणीसांचा मुलगा पेन ड्राइव्ह न्यायला आला. पोरगा कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. पडद्याकडे बघून हसला. “काका, यात काय आहे? फाइंड-रिप्लेस.” मी चहा गाळेपर्यंत त्यानं फाइलभरातल्या ‘साला’च्या जागी ‘शाळा’ आणि ‘साले’च्या जागी ‘शाळे’ बसवून टाकलं आणि गेलासुद्धा.

स्मरणिका वेळेत छापून आली. मुखपृष्ठ देखणं, फोटो स्वच्छ, ‘ळ’ सगळीकडे जागच्या जागी. फक्त शेवटच्या पानावर, कोजागिरीच्या आमंत्रणात, मोठ्या टाइपात छापलंय: “शाळाबादप्रमाणे यंदाही आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.” चिटणीसांना वाटतंय, मी मुद्दाम कोटी केली. पुढच्या वर्षीही हेच ठेवा म्हणाले.