अक्काचा प्रश्न आणि पेशींचे म्हातारपण

गेल्या श्रावणात मी तासगावला थोरल्या बहिणीकडे गेले होते. सोप्यात बसून तिच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून देत असताना तिने मला विचारले, "गुडघे थकले, डोळे थकले, भूकसुद्धा थकली. मग ही गाठ या वयात कुठल्या जोमानं वाढली गं?" अक्का ७१ वर्षांची आहे. स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पोचल्यामुळे मिरजेत तिचे उपचार चालू आहेत. सांगलीत मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, तरी तिला पटेल असे उत्तर मला त्या क्षणी सुचले नाही. नंतर मी वाचत गेले. जे समजले ते तिला थोडे थोडे सांगितले आणि तेच आज इथे लिहीत आहे.

शरीराचे थकणे आणि पेशीचे थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या सामान्य पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग विभाजन कायमचे थांबवतात. अशा पेशी मरत नाहीत; त्या जिवंत राहतात, अन्न घेतात, पण त्यांच्यापासून नवी पेशी निर्माण होत नाही. या थांबण्यामागे जी प्रथिने असतात, त्यांपैकी पी-१६ हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण वय वाढते तसे अनेक ऊतींमध्ये त्याचे प्रमाण वाढत जाते. पेशीला विभाजनाकडे ढकलणारी सीडीके-४ आणि सीडीके-६ नावाची दोन विकरे आहेत. पी-१६ त्यांना चिकटून त्यांचे काम बंद पाडते. त्यामुळे आरबी हे दुसरे प्रथिन आपला पहारा सोडत नाही आणि विभाजनाला लागणारी जनुके बंदच राहतात.

हे थांबणे म्हणजे बिघाड नव्हे, ते संरक्षण आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या कातडीवरच सापडतो. अक्काच्या हनुवटीवर लहानपणापासून एक तीळ आहे. २००५ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा साध्या तिळांचा अभ्यास केला. तेव्हा त्यांतील पेशींत बी-राफ या जनुकाचा तोच दोष आढळला, जो मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगातही वारंवार दिसतो. म्हणजे तिळातील पेशी कर्करोगाच्या वाटेवर पाऊल टाकून बसलेल्या असतात. थोड्या वाढल्यानंतर त्या थांबल्या, त्यांच्यात वृद्ध पेशींच्या खुणा आणि पी-१६चा साठा दिसला, आणि बहुतेक तीळ आयुष्यभर तीळच राहतात. ज्या कुटुंबांत पी-१६च्या जनुकातच आनुवंशिक दोष असतो, तिथे मेलॅनोमाचा धोका बराच वाढतो, हे लक्षात घेतले की या प्रथिनाची किंमत कळते. अक्काने हे ऐकले, हनुवटीवरून बोट फिरवले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र इथे अर्धेच मिळते. थांबलेली पेशी गप्प बसत नाही. कॅलिफोर्नियात ज्युडिथ कॅम्पिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की वृद्ध झालेल्या संयोजी पेशींच्या सहवासात कर्करोगाच्या उंबरठ्यावरील पेशी अधिक वेगाने वाढतात. २००८ साली त्यांनी अशा पेशींतून स्रवणाऱ्या प्रथिनांचे सविस्तर वर्णन केले. त्यांत दाह वाढवणारे इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-८ असते, तसेच पेशींभोवतीची वीण सैल करणारी विकरेही असतात. अक्काचे सासर द्राक्षबागायतदारांचे, म्हणून मी तिला घडाचे उदाहरण दिले. घडातला एक मणी तडकला की त्याचा रस शेजारच्या मण्यांवर उतरतो आणि कूज तिथून पसरू लागते. तिला हे लगेच समजले. तिने विचारले, "मग तडकलेला मणी वेळीच काढून टाकत नाहीत होय?" तरुणपणी रोगप्रतिकारक पेशी तो बऱ्याच अंशी काढतात, वयाबरोबर त्यांची क्षमता उणावते आणि वृद्ध पेशी साचत जातात. २०१६ साली उंदरांच्या शरीरातून पी-१६ने भरलेल्या पेशी मुद्दाम काढून टाकल्या, तेव्हा ते उंदीर जास्त जगले आणि त्यांच्यात गाठीही उशिरा आल्या.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग २००२ सालचा आहे, आणि तो पी-५३ या प्रथिनावरचा आहे. डीएनएला इजा झाली की हे प्रथिन पेशीला थांबवते किंवा मरायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत त्याच्याच जनुकात बिघाड सापडतो. अमेरिकेत ज्या उंदरांमध्ये पी-५३ प्रमाणाबाहेर सक्रिय झाले, त्यांना कर्करोग फारच कमी झाला. पण त्यांची हाडे लवकर ठिसूळ झाली, पाठीला बाक आला आणि आयुष्य सुमारे २० टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी स्पेनमधील संशोधकांनी उंदरांना पी-५३ची जादा प्रत दिली, मात्र तिचे नैसर्गिक नियंत्रण शाबूत ठेवले. त्या उंदरांना कर्करोगापासून संरक्षण मिळाले आणि म्हातारपणही अकाली आले नाही. म्हणून 'पेशी पुन्हा तरुण करणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिराती मोबाइलवर दिसल्या की मला काळजी वाटते. पेशीला अमर्याद विभागू देणारे टेलोमरेज हे विकर बहुसंख्य कर्करोगांनी आधीच जागे केलेले असते. थांबलेल्या पेशीला पुन्हा चालायला लावणे ही साधी गोष्ट नाही.

अक्काच्या डबीतली रोजची एक गोळी पाल्बोसिक्लिब आहे. तिला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात ती संप्रेरकरोधक गोळीच्या जोडीने देतात. ती सीडीके-४ आणि सीडीके-६ यांनाच अडवते, म्हणजे पी-१६ जे काम करते तेच बाहेरून करते. आरबी शाबूत असेल तरच तिचा उपयोग होतो. अस्थिमज्जेतील पेशींनाही ही विकरे लागतात, म्हणून पांढऱ्या पेशी घटतात आणि २१ दिवसांनंतर ७ दिवस गोळी बंद ठेवावी लागते. मी हे सांगितल्यावर अक्काने गोळी तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या अंगातलं जे थकून थांबायचं राहिलं, त्याला ही थांबवते."

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती रोज गोळी घेतल्यावर तारखेभोवती पेन्सिलीने गोल करते. आज एकविसावा गोल झाला. सोमवारी मिरजेला रक्त तपासायला जायचे आहे.