अल्हून लॉग: "आपण" म्हणणारा मेलेला माइंड फ्लेअर

८ जून

मी डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या रोलप्लेइंग गेमचा डीएम आहे, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा. खूप दिवस मनात होतं की अंडरडार्कच्या (जमिनीखालच्या जगाच्या) या आर्कचा, म्हणजे गोष्टीच्या टप्प्याचा, शेवट अल्हूनने करायचा, आता पार्टी (प्लेअर्सची टोळी) लेव्हल ८ ला पोचलीये तर लागतोच कामाला. इथे टप्प्याटप्प्याने लिहीत जाईन, मिनीचं (टेबलवरच्या छोट्या पुतळ्याचं) पण आणि स्टॅट ब्लॉकचं (राक्षसाच्या आकड्यांचं) पण.

ज्यांनी अल्हून कधी टेबलवर आणला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माइंड फ्लेअर सगळ्यांना माहितीये, १९७५ पासून डी अँड डी मध्ये आहे, गायगॅक्सने आणलेला, तोंडावर चार टेंटॅकल, मेंदू खातो, मेंदूनेच मारतो. हे सगळे एका एल्डर ब्रेनच्या (कॉलनीवर राज्य करणाऱ्या मोठ्या मेंदूच्या) भोवती कॉलनी करून राहतात, आणि त्यांची समजूत अशी की मेल्यावर आपला मेंदू त्या एल्डर ब्रेनमध्ये मिसळणार, म्हणजे आपण संपत नाही. आता यातल्या एखाद्याला जादूचा नाद लागला, म्हणजे विझार्डवाली जादू, सायॉनिक्स (मनाची शक्ती) नाही, तर ते कॉलनीत चालत नाही, त्याला बाहेर काढतात नाहीतर तोच पळतो. आणि बाहेर पडला की मिसळणं वगैरे सगळं गेलं, मेला की मेला. त्या भीतीने तो अनडेड (मरूनही चालताबोलता) होतो. तोच अल्हून.

मला हा राक्षस एवढा का आवडतो तर तो स्वतः घाबरलेला आहे. साध्या लिचला (जादूने अनडेड झालेल्या विझार्डला) सत्ता पाहिजे असते, ज्ञान पाहिजे असतं. याला फक्त संपायचं नाहीये. आणि तो खरा लिचसुद्धा नाही, फिलॅक्टरी (लिचचा आत्मा ठेवलेली वस्तू) नाही त्याच्याकडे. असे दोनचार बहिष्कृत एकत्र येतात, विधी करतात, जिवंत माणसांचे बळी देतात आणि एक पेरिअॅप्ट (जादूचा ताईत) बनवतात, बळी दिलेल्यांचं जेवढं आयुष्य उरलेलं होतं तेवढी वर्षं यांना मिळतात. ती संपत आली की परत बळी. म्हणजे उधारीवरचं आयुष्य, आणि फेडायची तारीख त्याला माहिती असते. (फिलॅक्टरीवाला खरा माइंड फ्लेअर लिच वेगळा, त्याला इलिथिलिच म्हणतात, तो आमच्या पार्टीच्या आवाक्यात अजून पाचसात वर्षं तरी येत नाही.)

माझ्या अल्हूनची ११ वर्षं उरलीयेत असं ठरवलंय. ज्याला कधीच संपायचं नाहीये त्या राक्षसासाठी ११ वर्षं म्हणजे काहीच नाही. म्हणून तो गावातली माणसं उचलतोय, आणि तरुणच उचलतोय, म्हाताऱ्यांना हात लावत नाही. प्लेअर्सना हा क्लू तीन सेशनपूर्वीच दिलाय, अजून कोणी जोडलेला नाही.

१५ जून

आकडे, सगळे २०१४ च्या नियमांप्रमाणे. २०१६ च्या पुस्तकातला अल्हून घेतलाय, चॅलेंज रेटिंग (किती अवघड) १०, एसी (मारा लागायला किती पाहिजे) १५, एचपी (किती मार सोसतो) १२०. २०२२ मध्ये परत छापला तेव्हा स्पेलची लांबलचक यादी काढून सोपा केलाय, चालवायला तो बरा आहे पण मला स्पेल निवडायला आवडतात म्हणून जुनाच. लेव्हल ८ च्या चार जणांना ५,९०० एक्सपी (राक्षस मारल्याचे गुण) म्हणजे कागदावर "हार्ड" येतं, डेडली नाही.

पण कागदावरच. खरी गंमत माइंड ब्लास्टमध्ये आहे. ६० फुटांचा कोन, डीसी १६ चा इंटेलिजन्स सेव्ह (वाचण्यासाठी २० बाजूंच्या डायवर बोनस धरून १६ किंवा वर पाहिजे), फेल झाला की सरासरी २२ सायकिक डॅमेज आणि एक मिनिट स्टन, म्हणजे काहीच करता येत नाही. इंटेलिजन्सचा सेव्ह कोणत्या क्लासचा (पात्राच्या प्रकाराचा) चांगला असतो? विझार्ड, ड्रुइड, रोग, आर्टिफिसर, बस. बाकी सगळे उघडे. आमचं टेबल मांडून बघितलं:

आमचा फायटर, इंटेलिजन्स ८, त्याला डायवर १७ किंवा वर पाहिजे, म्हणजे २० टक्के. पॅलाडिन स्वतःच्या ऑरामुळे (जवळच्यांचे सेव्ह वाढवणाऱ्या शक्तीमुळे) +३ वर, ४० टक्के. रोग प्रोफिशियंट (त्या सेव्हमध्ये तरबेज) असल्यामुळे ४५. आणि आमची ग्नोम विझार्ड ८४ टक्के, कारण ग्नोमना जादूविरुद्ध मेंदूच्या सेव्हला अॅडव्हांटेज (दोन डाय टाकून मोठा घ्यायचा) असतो आणि माइंड ब्लास्टच्या वर्णनात "जादूने" असा शब्द आहे. हे नीट वाचून ठेवा, बरेच डीएम सायॉनिक्स म्हणजे जादू नाही म्हणून ग्नोमला तो फायदा देत नाहीत आणि ते चूक आहे.

फायटरचं अजून पुढे बघा. एकदा स्टन झाला की प्रत्येक टर्नच्या शेवटी परत तोच २० टक्क्यांचा सेव्ह. तीन टर्न गेल्यानंतरही तो स्टन असण्याची शक्यता ५१ टक्के आहे. आमच्याकडे एक राउंड बोलत बोलत दहाबारा मिनिटं चालतो. म्हणजे पाऊणएक तास माणूस खुर्चीत बसून दुसऱ्यांचा खेळ बघणार.

२२ जून, पहिली टेस्ट

खरी पार्टी नाही, ऑफिसमधले तीन जण आणि माझी बहीण, तयार कॅरेक्टर दिली, पुस्तकातला अल्हून जसाच्या तसा चालवला. तीन राउंडमध्ये संपलं. पहिल्याच टर्नला ब्लास्ट, तिघं स्टन, आणि ब्लास्ट सहा बाजूंच्या डायवर ५-६ आलं की रिचार्ज होतो तो दुसऱ्याच टर्नला परत झाला. बहिणीकडे फायटर होता. ती एक शब्द बोलली नाही, दुसऱ्या राउंडनंतर फोन उघडला तिने, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही, तिच्याकडे करायला काहीच नव्हतं.

मनावर ताबा मिळवणारा राक्षस आहे आणि ज्याच्या मनावर ताबा मिळवलाय त्या प्लेअरचं मन टेबलवरच नाहीये! हेच मला बदलायचंय. भीती त्याला वाटली पाहिजे ज्याच्या डोक्यात अल्हून शिरलाय, आणि त्यासाठी त्याला खेळता आलं पाहिजे.

२९ जून, मिनी

तयार मिनी घ्यायची नव्हती. एक साधा २८ मिमीचा रोबवाला विझार्ड पडून होता, त्याचं डोकं कापलं आणि नवीन डोकं एम-सीलमध्ये घडवतोय. ग्रीन स्टफ (मिनी घडवायची पुट्टी) महाग पडतं आणि मागवावं लागतं, एम-सील कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. फरक एवढाच की एम-सील लवकर कडक होतं आणि ताणलं की तुटतं, ग्रीन स्टफसारखं रबरी नाही. म्हणून टेंटॅकल नुसत्या एम-सीलचे करू नका, माझे पहिले चारही गळून पडले. आता जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची तार काढून दोन पदरी पिळली, डोक्यात बारीक ड्रिलने भोकं पाडून फेविक्विकने बसवली आणि वरून ओल्या बोटाने पातळ एम-सील चढवलं. एकावेळी दोनच टेंटॅकल करा, नाहीतर तिसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत मिश्रण हाताखाली घट्ट होतं.

अनडेड आहे म्हणून एक टेंटॅकल अर्धाच ठेवलाय, टोकाला नुसती तार उघडी. वाळलेल्या शिरेसारखी दिसते, रंगवणार पण तशीच.

प्रायमर स्प्रे करायचा नाहीये सध्या. डोंबिवलीत पाऊस सुरू झालाय, हवेत एवढी ओल असताना स्प्रे मारला की वर खरखरीत पांढरट थर बसतो आणि मग सगळं घासून काढावं लागतं. पावसाळाभर ब्रशनेच प्रायमर, दोन पातळ हात, मध्ये एक रात्र.

६ जुलै

हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय.

आम्ही मराठीत खेळतो. नियमांचे शब्द इंग्रजी, बाकी एनपीसी (मी चालवतो ती पात्रं), वर्णन, भांडणं सगळं मराठी. तर अल्हून टेलिपथीने बोलणार, तो कसा बोलेल यावर आठवडाभर अडकलो होतो. आधी जुन्या वळणाची भारदस्त मराठी लिहून बघितली, ती ऐतिहासिक नाटकातल्या सरदारासारखी व्हायला लागली. मग अगदी सपाट, भावनाशून्य बोलून बघितलं, ते यंत्रासारखं वाटलं.

मग रात्री भांडी घासताना डोक्यात आलं की हा प्राणी जन्मल्यापासून कॉलनीत होता, त्याच्या डोक्यात कधी "मी" नव्हताच. त्याला "मी" नंतर शिकावा लागला असणार, हाकलल्यावर. आणि आपल्याकडे तर दोन शब्द आहेत, आम्ही आणि आपण. आम्ही म्हणजे तू सोडून. आपण म्हणजे तू धरून. मनात शिरणारा राक्षस कधीच आम्ही म्हणणार नाही. तो तुला धरूनच बोलणार.

"आपण तलवार खाली ठेवतोय."

हे मी मोठ्याने म्हणून बघितलं स्वयंपाकघरात एकटाच आणि खरंच अंगावर आलं. यात हुकूम नाही, धमकी नाही. लहान मुलाला आपण म्हणतो ना, चल आपण आता झोपूया, तोच सूर. ठरलेलंच आहे आणि तू त्यात आहेस. "तलवार खाली ठेव" म्हटलं तर प्लेअर नाही म्हणू शकतो, "आपण ठेवतोय" ला नाही म्हणायला आधी त्या आपणमधून बाहेर पडावं लागतं.

आणि मग मेकॅनिक आपोआप सुचलं. माइंड ब्लास्टमधला स्टन काढला. डॅमेज तेवढंच, पण सेव्ह फेल झाला की तो प्लेअर "आपण" मध्ये. त्याच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला मी एक वाक्य बोलतो, आपण असं करतोय. त्याने दोनातलं एक निवडायचं. एक, मान्य करायचं: मी त्याला त्याच्या स्पीडएवढं हलवतो, मग पूर्ण टर्न त्याचा, हवं ते करू दे, पण शेवटी सेव्ह नाही मिळणार, तो आपणमध्येच राहणार. दोन, झगडायचं: या टर्नला अॅक्शन नाही, पण शेवटचा सेव्ह अॅडव्हांटेजने.

फायटरचा २० टक्क्यांचा सेव्ह अॅडव्हांटेजने ३६ होतो. अजून कमीच आहे पण आता निवड त्याची आहे, आणि मान्य करण्यात खरा मोह आहे कारण तलवार चालवता येते. फक्त कुठे उभं राहून चालवायची ते मी ठरवतो.

डॉमिनेट मॉन्स्टर (दुसऱ्याला ताब्यात घ्यायचं स्पेल) दिवसातून एकदा आहे त्याच्याकडे, ते तसंच ठेवलंय. पॅलाडिनकडे प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड हे स्पेल आहे, अल्हून अनडेड असल्यामुळे ते याच्यावर चालतं आणि ज्याच्यावर टाकलं त्याला चार्म (वश) करताच येत नाही, म्हणजे डॉमिनेट गेलं. त्याला ते सुचलं तर मी आनंदाने देणार. स्माइटला (पॅलाडिनच्या पवित्र फटक्याला) पण अनडेडवर एक डी८ (आठ बाजूंचा डाय) जास्त मिळतो.

१३ जुलै, दुसरी टेस्ट

तेच चौघं, नवीन अल्हून. सात राउंड चालली, बहिणीने परत फायटर मागून घेतला.

दुसऱ्या राउंडला ती आपणमध्ये गेली. मी म्हटलं, "आपण त्या कड्याकडे चाललोय." ती म्हणाली चालेल, मान्य, आणि तिथून धनुष्याने दोन बाण मारले, दोन्ही लागले. पुढच्या टर्नला, "आपण अजून थोडं पुढे." परत मान्य, परत बाण. तिसऱ्या टर्नला ती कड्याच्या टोकाला उभी होती आणि मी म्हटलं, "आपल्याला खाली बघायचंय." टेबलवर एकदम शांतता. तिने झगडायचं घेतलं, दोन डाय टाकले, ४ आणि १८. सुटली. आणि सुटल्यावर ती स्वतःहून म्हणाली, "तू बघ, मी नाही बघत." तू आणि मी! तिला या सगळ्या आपण-आम्हीबद्दल मी काहीही सांगितलेलं नव्हतं.

पॅलाडिनचा ऑरा पण मस्त चालला. १० फुटांत राहिलं की सगळ्यांना +३, पण सगळे १० फुटांत म्हणजे सगळे एकाच कोनात. दर राउंडला त्यांची यावर चर्चा होत होती, पसरायचं की चिकटायचं.

दोन गोष्टी दुरुस्त केल्या. एक, कोणालाही थेट मरणाच्या जागी हलवता येणार नाही, कड्याच्या टोकापर्यंत हो, खाली नाही, लाव्हाच्या काठापर्यंत हो, आत नाही. दुसरं, एकावेळी तीनपेक्षा जास्त जण आपणमध्ये नकोत, मलाच वाक्यं सुचेनाशी होतात आणि घाईत बोललेलं वाक्य लगेच कळतं.

अजून एक भर घातली. एचपी ६० च्या खाली गेला की अल्हूनचं बोलणं बदलतं. तो पहिल्यांदा "मी" म्हणतो. "मला ११ वर्षं आहेत. माझी आहेत." त्याला कोणी शिकवलेलं नाही नीट, त्यामुळे तो अडखळतो, आपल... माझी. हे बोलताना त्या राउंडला ब्लास्ट वापरायचा नाही, रिचार्ज झाला असला तरी. प्लेअर्सना तेवढी एक राउंड मिळू दे ऐकायला.

२० जुलै

मिनीचा रंग ८० टक्के झाला. माइंड फ्लेअर नेहमी जांभळा रंगवतात, मी जांभळ्यावर राखाडी ग्लेझचे चार हात दिलेत, डोळ्यांभोवती थोडा जुन्या हाडाचा पिवळट रंग, रोबच्या कडा ड्राय ब्रशने धुळकट केल्या. उघडी तार राहिली तिला पातळ तपकिरी वॉश. त्वचेला मॅट वार्निश, ग्लॉस अजिबात नको, जिवंत माइंड फ्लेअर चिकट चकचकीत असतो, हा सुकलेला आहे.

पेरिअॅप्ट राहिलाय. गळ्यात छोटा मणी लावलाय, त्याला हिरवा करायचा का आतून उजळणारा पांढरा ते ठरत नाहीये. कारण नियमाप्रमाणे अल्हून मेला तरी त्याचं मन त्या पेरिअॅप्टमध्ये अडकतं, आणि तो हातात घेणाऱ्याशी बोलू शकतं. म्हणजे लढाई जिंकल्यावर कोणीतरी, माझा अंदाज आहे रोगच, तो मणी खिशात टाकणार. तेव्हा पहिलं वाक्य काय बोलायचं ते लिहून ठेवलंय आणि इथे टाकत नाही कारण आमच्या पार्टीतले दोघं हे वाचतात.

सेशन ३ ऑगस्टच्या शनिवारी रात्री. तोपर्यंत कोणी ब्लास्टचा हा नियम आपल्या टेबलवर चालवून बघितला तर मान्य आणि झगडा कितीकिती वेळा निवडलं गेलं तेवढं मोजून ठेवा आणि मला सांगा, माझ्याकडे एकाच टेस्टचे आकडे आहेत, ९ वेळा मान्य, ५ वेळा झगडा.