नांगराचा दांडा वेल्डच्या शेजारीच का तुटतो?

उन्हाळी नांगरटीत काळं रान दगडासारखं झालेलं असतं. पलटी नांगराचा दांडा तुटतो, गॅरेजात जोडून येतो आणि चार दिवसांत परत तुटतो. तुटतो कुठं? वेल्डला चिकटून, दोन-तीन मिलिमीटरवर. वेल्ड मात्र शाबूत!

दांडा ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा असेल, तर त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास. वेल्डशेजारचा लालबुंद भाग बाकीच्या गार लोखंडामुळं झटकन थंड होतो आणि काचेसारखा कडक बनतो. तिथं कानस घसरते, चावत नाही. त्यात सर्द (ओल धरलेल्या) वेल्डिंग रॉडमधला हायड्रोजन शिरला, की तडा २४ ते ४८ तासांनीही पडतो. म्हणून संध्याकाळी जोडलेला दांडा सकाळी लगेच रानात नेऊ नये.

चीर असेल तर दोन्ही टोकांच्या जरा पुढं ६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि ती ग्राइंडरनं पूर्ण खणून काढा. जाड दांड्याला दोन्ही बाजूंनी ६० अंशांची व्ही आकाराची खाच हवी. ग्रीस, रंग, गंज इंचभर मागंपर्यंत साफ.

मग गरम करणं. ईएन ८ ला २०० अंश सेल्सिअस, ईएन २४ हे मिश्रधातूचं पोलाद असेल तर ३००. नुसती वरची कातडी तापून उपयोग नाही, आतपर्यंत ऊब गेली पाहिजे. थुंकी टाकून अंदाज घेण्यापेक्षा टेंपरेचर खडू (ठरावीक तापमानाला वितळणारा) वापरा.

रॉड ७०१८ (कमी हायड्रोजनचा), दहा नंबरचा म्हणजे साधारण ३.१५ मिलिमीटर जाड, ३५० अंशांवर तासभर भाजलेला. घरच्या ओव्हनचा काटा बहुतेक २५० ला थांबतो, त्यावर भागत नाही. डीसी मशीन, रॉड प्लसला, १०० ते १२० ॲम्पिअर, आर्क अगदी आखूड. सरळ, अरुंद पास (वेल्डचे थर) मारा. दोन पासांच्या मध्ये दांडा गार होऊ देऊ नका. शेवटी रॉड झटक्यात उचलला तर खड्डा राहतो, चीर तिथूनच निघते. थोडं मागं येऊन तो भरा.

आधाराची पट्टी लावायचीच तर टोकं निमुळती ठेवा. चौकोनी पट्टीच्या कडेला दांड्यावर आडवा वेल्ड मारला, की पुढचं तुटणं तिथंच.

पाणी मारून गार करायची खोड मोडाच. दांडा कोरड्या राखेत किंवा चुन्यात रात्रभर पुरा. स्प्रिंगचे पाटे आणि स्टिअरिंगचे भाग जोडायच्या भानगडीत पडू नका, नवेच बसवा.

दोन दिवसांनी चीर शोधायचा लाल डाय मारून, पुसून वर पांढरा डेव्हलपर फवारा. वेल्डच्या कडेला लाल रेघ उमटली तर वरून लेप देऊ नका. सगळं खणून पुन्हा गरम करण्यापासून सुरुवात.