एक पाय पुढे, एक मागे

गुहागरजवळच्या एका वाडीतून वहिनींचा फोन आला, "डॉक्टर, तलंगांचे पाय जातायत. वारं गेलं म्हणायचं की काय?"

गेलो तर पडवीत लेगहॉर्न जातीची एक पांढरी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आडवी पडलेली, एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे. साडेतीन-चार महिन्यांच्या पक्ष्यात ही ठेवण दिसली की आधी मरेक हा विषाणूचा रोगच आठवतो. जोझेफ मरेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ साली चार कोंबड्यांमधला असाच लकवा लिहून ठेवला.

सकाळी मेलेली एक फणसाखाली चिरली. मांडीचे स्नायू बाजूला सारले की पायाची मोठी नस दिसते. डावी नस पांढरीशुभ्र, बारीक आडव्या रेघांची. उजवी तिच्या दुपटीने जाड, पिवळट करडी, रेघा पुसलेल्या. "ही सुजलीय की!" वहिनीच म्हणाल्या. निदान तिथेच झालं.

पिल्लं फेरीवाल्याकडून घेतलेली. मरेकची लस पहिल्याच दिवशी, उबवणी केंद्रातच टोचतात. हिला टोचली होती का, हे सांगणारं कुणी नव्हतं. आता टोचून उपयोगही नव्हता, कारण पिसांच्या कोंड्यातून विषाणू खुराडंभर पसरलेला असणार.

वहिनींना कोडं पडलं होतं ते वेगळंच. त्याच सुमारास त्यांच्या खुडूक कोंबडीने उबवलेली गावठी पिल्लं त्याच खुराड्यात, त्याच धुळीत, एकाही लसीविना वाढली होती. ती अंगणात मजेत उकरत होती.

याचं थोडं उत्तर रक्तात असतं. कोंबडीच्या सोळाव्या गुणसूत्रावर 'बी' नावाचा जनुकसमूह आहे. शरीरात शिरलेला विषाणू पांढऱ्या पेशींना ओळखू येणं बरंचसं त्याच्यावर ठरतं. त्यातला बी-२१ हा प्रकार असलेले पक्षी मरेकपुढे बऱ्यापैकी टिकतात, बी-१९ वाले लवकर ढासळतात. वहिनींच्या कोंबड्यांत कुठला आहे, ते रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही. शिवाय गावठी पिल्लांना आईकडून अंड्यातूनच थोड्या प्रतिपिंडांची शिदोरी मिळालेली असू शकते. मूठभर पिल्लांवरून जातीचा निवाडा करणं मला तरी पटत नाही.

"म्हणजे गावठीला रोग नाही!" वहिनी खूश.

"मग मागच्या वर्षी मानमोडीत खुराडं रिकामं झालं, ते कुणाचं?"

त्या गप्प. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावठीलाही सोडत नाही. एका रोगाला चिवट असलेला पक्षी दुसऱ्यालाही चिवट असेलच असं नाही. म्हणून राणीखेतवरची लासोटा लस ठरवून आलो. आजारी पक्षी वेगळे करायचे, मेलेले चुना टाकून खोल पुरायचे आणि पुढची पिल्लं लसीची खात्री करूनच घ्यायची, हेही बजावलं.

निघताना त्यांनी विचारलं, "पैदाशीला कोंबडा कुठला ठेवू?" म्हटलं, यातून तगलेल्या गावठींपैकीच एखादा ठेवा, पण अर्धा वाटा कोंबडीचाही असतो, तिच्याकडेही बघा. गणपतीला जो तुरेवाला कोंबडा भावजींना द्यायचं कबूल केलं होतं, तो आता मिळणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.